एकाच घरातले चार अर्ज

अमरावतीच्या न्यायालयाजवळ छोट्या खोलीत बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे पाकिस्तानातून आलेलं एखादं सिंधी कुटुंब पहिल्यांदा येतं, तेव्हा त्या व्हिसाचा विषय सुरुवातीला काढतच नाहीत. "घरात सगळ्यात म्हातारं कोण? आणि त्यांचा जन्म कुठला, कधीचा?" हे त्यांचे पहिले प्रश्न. समोरचे गोंधळतात. त्यांच्या हातात पोरासाठीची कागदपत्रं असतात, कॉलेजची फी भरायची असते, आणि ही बाई आजोबांची जन्मतारीख विचारते.

पण सगळी गाठ तिथंच असते. नागरिकत्व कायदा १९५५ सालचा. त्याच्या पाचव्या कलमात 'भारतीय वंशाची व्यक्ती' कोण ते सांगितलंय: जी स्वतः, किंवा जिच्या आईवडिलांपैकी कुणी, अविभाजित भारतात जन्मलं ती. अशा माणसानं सात वर्षं इथं वास्तव्य केलं की त्याला नोंदणीनं नागरिकत्व मागता येतं. म्हणजे १९४१ साली शिकारपुरात जन्मलेले आजोबा या व्याख्येत बसतात. १९६४ साली जन्मलेला त्यांचा मुलगाही बसतो, कारण त्याच्या वडिलांचा जन्म फाळणीआधीचा. १९९१ साली जन्मलेला नातू मात्र बसत नाही. तोच वंश, तेच आडनाव, तीच झुलेलालची आरती. पण कायद्याच्या लेखी 'भारतीय वंश' दोन पिढ्यांत संपतो.

सून आणखी वेगळी. तिचे आईवडील दोघंही फाळणीनंतर जन्मलेले, त्यामुळे तिला वंशाचा आधार नाही. नवरा अजून भारतीय झालेला नाही, म्हणून भारतीयाची बायको या नात्यानंही तिला अर्ज करता येत नाही. आणि २०१६ साली अमरावतीतच जन्मलेली धाकटी नात? जन्म इथला असला तरी तेवढ्यानं भागत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून पुढं जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघंही भारतीय असावे लागतात, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. हिचे दोघंही पाकिस्तानी पासपोर्टवाले. एका छताखाली पाच माणसं आणि चार तऱ्हेचे अर्ज!

वकीलबाईंच्या टेबलावर अशा घरांच्या फायली असतात. कौटुंबिक वादाच्या, वारसाच्या फायली करता करता त्या या कामात शिरल्या. अमरावतीच्या रामपुरी कॅम्प या सिंधी वस्तीतला एक व्यापारी आपल्या मेहुण्याची कागदपत्रं घेऊन आला होता. त्याचं काम हाती घेतलं आणि मग एकानं दुसऱ्याला सांगितलं. आता कापडाच्या दुकानांतली, किराणा लाइनमधली, नांदगाव पेठकडच्या होलसेल मार्केटात हिशेब लिहिणारी माणसं दुपारच्या वेळी येऊन बसतात. वय काहीही असो, ही माणसं वकीलबाईंना 'दीदी'च म्हणतात.

ही माणसं इथंच का आली, याचं उत्तर सोपं आहे. नातलग इथं होते. १९४७-४८ साली सिंधमधून निघालेली कुटुंबं तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात विसावली. अमरावतीत कॅम्प उभे राहिले, अकोल्यात सिंधी कॅम्प वसला. तिथल्या 'पक्की खोली', 'कच्ची खोली' या वस्त्यांची नावं आजही पत्त्यात लिहिली जातात. त्या पहिल्या लोंढ्यालाही एक तारीख होती. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांना वास्तव्याच्या जोरावर नागरिक मानलं गेलं. त्या तारखेला किंवा नंतर आलेल्यांना मात्र अधिकाऱ्याकडं अर्ज करून नाव नोंदवावं लागलं, आणि त्याआधी सहा महिने इथं राहिल्याचं दाखवावं लागलं. आजच्या अर्जदारांच्या आयुष्यात दुसरी तारीख आहे, ३१ डिसेंबर २०१४.

तिच्याकडं येण्याआधी एलटीव्हीबद्दल सांगायला हवं. लाँग टर्म व्हिसा म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. पण कॅम्पात कुणी पूर्ण नाव घेत नाही. 'एलटीव्ही लगा है क्या?' एवढंच विचारतात. कायमच्या वास्तव्याच्या सगळ्यात जवळ जाणारी ही अवस्था. २०१६ पासून एलटीव्हीवर राहणाऱ्या पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना पॅन, आधार, वाहन परवाना मिळतो, बँकेत खातं उघडता येतं, स्वतः राहण्यापुरतं घर आणि धंद्यापुरती जागा घेता येते, राज्यात मोकळेपणानं फिरता येतं. नाही ते मतदान, सरकारी नोकरी आणि भारतीय पासपोर्ट. शिवाय मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा पोलिसांची चौकशी. अमरावती शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाकडं, अकोल्यात पोलीस अधीक्षकांकडं.

आता त्या कुटुंबाकडं परत. ते २०१३ साली अटारीमार्गे आलं होतं. वकीलबाईंनी त्यांच्यासमोर कागदावर दोन वाटा काढल्या. पहिली वाट रांगेची: आधी आजोबा आणि मुलगा यांनी वंशाच्या आधारे अर्ज करायचा, मुलाला प्रमाणपत्र मिळालं की सुनेनं भारतीयाची पत्नी म्हणून अर्ज करायचा, मग नात अल्पवयीन अपत्य म्हणून. सज्ञान नातवाला मात्र या रांगेत जागा नाही, कारण आईची नोंदणी लग्नाच्या आधारे झालेली असणार. दुसरी वाट सहाव्या कलमाची. तिला देशीयकरण म्हणतात. तिथं वंश, नवरा, बाप कुणाचाच आधार लागत नाही. प्रत्येकानं आपापल्या वास्तव्याच्या वर्षांवर उभं राहायचं. वर्षं मात्र जास्त. अर्जाच्या लगेच आधीचे सलग बारा महिने आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं.

रांगेची वाट स्वस्त आणि सरळ दिसते. पण पुढच्याचं काम अडलं की मागचे सगळे अडतात. आजोबांच्या वयाची माणसं रांगेत असताना जातात, आणि त्यांच्या जन्माचा पुरावा त्यांच्याच आठवणीत असतो. म्हणून वकीलबाई म्हाताऱ्यांचे कागद आधी गोळा करतात. शाळेचा जुना दाखला, जमिनीचा उतारा, आजोबांच्या भावाचं १९४८ सालचं निर्वासित म्हणून नोंद झालेलं पत्र, जे हाती लागेल ते.

हे कागद वाचणं हे एक स्वतंत्रच काम आहे. दाखले सिंधी भाषेत आणि अरबी वळणाच्या लिपीत असतात. इथं जन्मलेली सिंधी पोरं घरात सिंधी बोलतात, पण ती लिपी त्यांना येत नाही. मग कॅम्पातल्या, फाळणीआधी शाळेत बसलेल्या एखाद्या आजोबांना बोलावलं जातं. ते चष्मा कपाळावर चढवतात, कागद नाकाशी नेतात आणि सावकाश वाचतात: जन्मदाखला, तालुका मीरपूर माथेलो, जिल्हा सक्खर. टायपिस्ट पोरगा दर्यापूरकडचा. तो पासपोर्ट शेजारी धरून म्हणतो, "मॅडम, याच्यात सक्खर हाय अन् पासपोर्टात घोटकी लिवलं हाय. कोन्तं खरं माना?"

दोन्ही खरं. घोटकी हा जिल्हा १९९३ साली सक्खरमधून वेगळा झाला. नातवाचा जन्म १९९१ चा, म्हणून जन्मदाखल्यावर सक्खर. पासपोर्ट नंतरचा, म्हणून त्यावर घोटकी. चौकशीला आलेल्या कर्मचाऱ्यानं ही तफावत दाखवली तेव्हा वकीलबाईंनी त्याला सांगितलं, "वाशिम १९९८ पर्यंत अकोल्यातच होतं ना? १९९० ला वाशिमात जन्मलेल्याच्या दाखल्यावर जिल्हा कोणता असेल?" तो हसला आणि शेरा लिहून पुढं गेला. तेव्हापासून अशा प्रत्येक फायलीत त्या एक पानाचं स्पष्टीकरण आधीच लावून ठेवतात.

नावांचं दुखणं वेगळं. बापाचं नाव एका कागदावर 'मल' लावून, दुसऱ्यावर 'दास' लावून, तिसऱ्यावर नुसतंच. तेरा आकडी पाकिस्तानी ओळखपत्रावर एक स्पेलिंग, अटारीच्या शिक्क्याजवळ हातानं लिहिलेलं दुसरं, आणि इथल्या आधारवर तिसरं. 'एकच इसम' असल्याची प्रतिज्ञापत्रं हा या खोलीतला सगळ्यात जास्त खपणारा माल.

डिसेंबर २०१६ मध्ये वाटेवर एक फाटा फुटला. केंद्र सरकारनं सात राज्यांतल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या अल्पसंख्याक अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते: नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे. बाकीच्यांसाठी राज्याचे गृहसचिव. म्हणजे नागपूरच्या जरीपटक्यातल्या चुलतभावाचा अर्ज तिथंच निकाली निघणार आणि रामपुरी कॅम्पातल्याची फाइल मुंबईला जाणार. अंतर दीडशे किलोमीटरचं, पण त्यासाठी घर हलवायचं का, हा प्रश्न कित्येक घरांत रात्री जेवताना निघाला.

काहींनी हलवलं. वकीलबाई सरसकट सल्ला देत नसत. एलटीव्हीचं ठिकाण बदलायला परवानगी लागते, नव्या जिल्ह्यात नव्यानं चौकशी होते, पोरांच्या शाळा बदलतात, उधारीवर चाललेलं दुकान नव्या गावात पत मिळेपर्यंत बसतं. "तुमचं गिऱ्हाईक इथं आहे. फाइल नागपूरला लवकर हलेल, पण दुकान हलेल का?" असं त्या विचारत. ज्यांचे भाऊ आधीच जरीपटक्यात जमलेले होते ते गेले. ज्यांनी इथं कापडाचा माल भरून ठेवला होता ते राहिले आणि पाठपुराव्यासाठी अमरावती-मुंबई एक्स्प्रेसनं मंत्रालयाच्या फेऱ्या करत राहिले.

मग २०१९ चा डिसेंबर आला. नागरिकत्व दुरुस्ती कायदा संसदेत मंजूर झाला, १२ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, १० जानेवारी २०२० ला तो लागू झाला. देशभर मोर्चे निघाले. धर्माच्या आधारे नागरिकत्वाची वाट काढली आणि मुस्लिमांना तीतून वगळलं, हा मुख्य आक्षेप. सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. कॅम्पात पेढे वाटले गेले. वकीलबाईंच्या खोलीत मात्र काहीच बदललं नाही, कारण नियमच नव्हते. नियम नाहीत म्हणजे फॉर्म नाही, फॉर्म नाही म्हणजे भरणार काय? लोक विचारायचे, जुना अर्ज आत्ता टाकू की नव्या कायद्यासाठी थांबू? थांबलेल्यांची चार वर्षं तशीच गेली. नियम निघाले ते ११ मार्च २०२४ ला.

नव्या कलमाखाली, म्हणजे ६ ब खाली येणाऱ्यांसाठी, देशीयकरणाची अकरा वर्षं पाचवर आणली आहेत. ऐकायला ही मोठी सवलत. वकीलबाईंनी बोटांवर हिशेब केला. सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच. नियम निघाले तेव्हा त्यातल्या अगदी शेवटी आलेल्याचीही नऊ वर्षं भरलेली होती. ज्याला वंशाचा आधार आहे त्याची सात वर्षं कधीच उलटून गेली होती. त्याला या सवलतीचा उपयोग शून्य. उपयोग झाला तो सुनेला आणि नातवाला. जुन्या हिशेबानं २०१३ ला आलेल्यांना २०२५ पर्यंत थांबावं लागलं असतं.

वर्षांपेक्षा मोठे फरक दुसरीकडं होते. जुन्या वाटेवर चालू मुदतीचा पाकिस्तानी पासपोर्ट हवा, तो दिल्लीतल्या उच्चायोगातून नवा करून घ्यायचा, आणि शेवटी त्या नागरिकत्वाचा त्याग केल्याचा कागद. नव्या नियमांत मुदत संपलेली कागदपत्रंही चालतात, आणि अर्ज मंजूर झाल्यास जुनं नागरिकत्व कायमचं सोडलं, असं प्रतिज्ञापत्र पुरतं. दुसरं, या वाटेनं मिळालेलं नागरिकत्व भारतात प्रवेश केला त्या दिवसापासून धरलं जातं. तिसरा फरक ऐकून सगळेच चकित झाले. अर्जाची छाननी जिल्हाधिकाऱ्यांकडं नाही, डाक खात्याकडं! जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख डाक अधीक्षक. तेच मूळ कागद तपासतात, निष्ठेची शपथही तिथंच. पुढं जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालची राज्यस्तरीय समिती निर्णय घेते.

"पोस्टात? जिथं आरडी भरतो तिथं?" असं एका आजोबांनी दोनदा विचारून घेतलं.

नव्या वाटेला नवे कागद लागले. धर्म कोणता, याचं स्थानिक मान्यवर सामाजिक संस्थेकडून प्रमाणपत्र. २०१४ संपण्याआधी आल्याचा पुरावा: व्हिसा, नोंदणीचा कागद, शाळेत नाव घातल्याची पावती. भाषेची अट सहाव्या कलमाच्या वाटेवर पूर्वीपासून आहे, आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान. सिंधी १९६७ पासून त्या अनुसूचीत आहे. त्यामुळं मराठी अजून अडखळत बोलणाऱ्या सुनेची ती काळजी मिटली. आणि ज्यांचा जुना अर्ज आधीच आत होता त्यांचं काय? वकीलबाई त्यांना एकच विचारत: फाइल कुठवर पोचली? चौकशी आणि सुरक्षा तपासणी पूर्ण झालेली फाइल सोडून नव्या रांगेच्या शेपटाला उभं राहण्यात अर्थ नाही. पहिल्याच टेबलावर पडून असेल तर नवा अर्ज बरा. मे २०२४ मध्ये दिल्लीत पहिली चौदा प्रमाणपत्रं दिल्याची बातमी आली, तेव्हा ज्यांना त्यांनी थांबा म्हटलं होतं तेही धावत आले.

अकोल्याला त्या बडनेऱ्याहून गाडीनं जातात. तिथल्या फायलींमध्ये एक वेगळी फाइल होती. कराचीची मुलगी, अकोल्यातल्या मुस्लिम घरात लग्न करून आलेली, तीही एलटीव्हीवर. तिच्यासमोर निवड करायला काहीच नव्हतं. ६ ब तिला लागू नाही. भारतीयाची पत्नी म्हणून सात वर्षं, मग नोंदणी, मग जुन्या नागरिकत्वाच्या त्यागाचा कागद. मधेच तिला माहेरी जाऊन यायचं होतं. परत येण्याची मुभा देणारा 'नोरी' व्हिसा काढता येत होता, पण वकीलबाईंनी तिला अर्जाच्या आधीचा काळ मोकळा ठेवायला सांगितलं. सलग वास्तव्यात खंड पडला तर खुलाशांचा नवा डोंगर. ती गेली नाही. बहिणीचं लग्न तिनं फोनवर पाहिलं.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला, आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाल्याचं जाहीर झालं. जिल्हावार याद्या वर्तमानपत्रांत आल्या: नागपुरात दोन हजारांवर, अमरावती शहरात शंभरावर, अकोल्यात त्याहून कितीतरी कमी. दीर्घ मुदतीचे व्हिसा रद्द झालेले नव्हते, पण ते वाक्य बातमीत खाली होतं. वकीलबाईंचा फोन पहाटेपासून वाजत राहिला. कराचीच्या मुलीचा नवरा म्हणाला, "मॅडम, इनको भी जाना पडेगा क्या?" त्यांनी एलटीव्हीच्या प्रतीचा फोटो मागवला, मुदत पाहिली आणि तो कागद, लग्नाचा दाखला, अर्जाची पावती असं एका पिशवीत घालून घरात ठेवायला सांगितलं. नंतर मे ते जुलै या काळात सगळ्या पाकिस्तानी एलटीव्हीधारकांना पोर्टलवर नव्यानं नोंदणी करावी लागली. त्या उन्हाळ्यात टायपिस्टनं दुसरं काम घेतलंच नाही.

१ सप्टेंबर २०२५ ला आणखी एक गोंधळ उडाला. नव्या परकीय नागरिकविषयक कायद्याखालच्या सूट-आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख होती. '२०१४ चं २०२४ झालं' म्हणून कॅम्पात फोनाफोनी सुरू झाली. तसं झालेलं नव्हतं. कागदपत्रांविना आलेल्यांवर कारवाई होऊ नये, एवढ्यापुरती ती तारीख. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच राहिली. हे समजावताना ज्यांचे चेहरे उतरले, त्यात पहिल्या कुटुंबातला धाकटा काकाही होता.

तो फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. थोरल्या भावामागून निघायला दुकानाचा सौदा आडवा आला, आणि दोन महिन्यांनी तारीख हुकली. त्याचं स्वतःचं अडत नाही. बाप शिकारपूरचा, फाळणीआधीचा, त्यामुळं सात वर्षं २०२२ लाच भरली. अडतं ते बायकोचं आणि १९९६ साली जन्मलेल्या मुलाचं. काकाला प्रमाणपत्र मिळालं की काकूला पत्नी म्हणून अर्ज करता येईल. सगळ्यांना तोच सोपा मार्ग वाटत होता. वकीलबाईंनी कायद्याचं पुस्तक उघडून पाचव्या कलमातलं 'ई' दाखवलं. सज्ञान मुलाला आईवडिलांच्या जोरावर नोंदणी हवी असेल तर आईवडिलांची नोंदणी वंशाच्या आधारे किंवा सहाव्या कलमाखाली झालेली असली पाहिजे, असे तिथले शब्द आहेत. लग्नाच्या आधारे झालेली नोंदणी त्यात लिहिलेली नाही. म्हणजे काकूनं जवळची वाट घेतली तर मुलासाठी ही वाट बंद. त्याला स्वतःची बारा वर्षं भरेपर्यंत, फेब्रुवारी २०२७ पर्यंत, थांबावं लागणार.

"तो मैं भी रुक जाती हूं," काकू म्हणाल्या. वकीलबाईंनी ते मान्य केलं नाही. काकूंची बारा वर्षंही त्याच महिन्यात भरतात. त्यांनी सहाव्या कलमासाठी थांबून मुलाचा एक दिवसही वाचत नाही, कारण तेव्हा तो स्वतःच अर्ज करू शकतो. "तुम्ही लग्नाच्या आधारे टाका. एलटीव्हीच्या चकरांतून एक माणूस तरी कमी होईल." मुलानं हिशेब दोनदा तपासला आणि मान डोलावली. काकाचा अर्ज पुढं सरकला, काकूंच्या अर्जाचा मसुदा त्याच्या मागं टाचला गेला, आणि मुलाच्या फाइलवर टायपिस्टनं पेन्सिलनं लिहिलं: फेब्रुवारी २०२७, तवर पाकिस्तानात जाऊ नये.